पावसाळी गारठ्यात कोंबड्यांना परसात सोडावे का?

आगोटीचे दिवस आले की वसईच्या किनारपट्टीत घरोघरी एकच लगबग सुरू होते. घरे शाकारली जातात, पन्हळी साफ होतात, सरपण आणि सुकी मासळी कोरड्या जागी हलवली जाते. या धांदलीत परसदारचे कोंबड्यांचे खुराडे मात्र बहुधा विसरले जाते. मग जुलैची झड लागते, चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि सकाळी खुराड्याच्या दाराशी उभे राहून घरातील गृहिणीला प्रश्न पडतो : आज कोंबड्यांना बाहेर सोडावे की कोंडून ठेवावे?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. 'जनावरच ते, पावसाला काय भिते?' असे म्हणून काही जण भर पावसातही दार सताड उघडतात. 'भिजली की मेलीच' असे मानून काही जण चारही महिने कोंबड्या कोंडून ठेवतात. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धीच खरी आहेत आणि दोहोंपायी दरवर्षी कितीतरी कोंबड्या हकनाक दगावतात. आठ-दहा कोंबड्यांचा हा संसार दिसायला लहान असला तरी नातवंडांच्या ताटातले अंडे, शेजारणीला विकलेल्या डझनभर अंड्यांचे सुटे पैसे आणि सणासाठी राखलेला कोंबडा हे सारे त्यावरच अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू या.

थंडीपेक्षा ओल घातक

कोंबडीच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा बरेच अधिक, म्हणजे सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. ही ऊब टिकवण्यासाठी निसर्गाने तिला पिसांचे पांघरूण दिले आहे. वरची पिसे कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात आणि त्यांच्या आत मऊ लव असते. या लवेत हवा अडकून राहते, आणि ही अडकलेली हवा हीच कोंबडीची खरी गोधडी होय. थंडीत कोंबडी अंग फुलवून बसते, तेव्हा ती या हवेचा थर अधिक जाड करीत असते. बर्फ पडणाऱ्या देशांतही परसदारी कोंबड्या पाळल्या जातात. तेथे त्या तग धरतात त्या अंग कोरडे असते म्हणूनच.

पिसे भिजली की मात्र सारे चित्र पालटते. हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय पिसांत मुरलेले पाणी वाळताना अंगातील ऊब घेऊनच वाळते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडून जाण्यास सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. समजा, एका कोंबडीच्या पिसांत ५० ग्रॅम पाणी मुरले आणि ते केवळ तिच्या अंगाच्या उबेने वाळले, तर २९ किलोकॅलरी खर्च झाल्या. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यातून तिला सुमारे २६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसभराच्या अन्नाचा नववा हिस्सा केवळ अंग वाळवण्यात गेला. ती दिवसातून दोनदा भिजली तर अंड्यासाठी काय उरणार? त्यात वारा सुटला तर हा खर्च आणखी वाढतो.

ओल आणि वारा एकत्र आल्यास काय होते, हे महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पाहिले. त्या वेळी अवकाळी पावसाने आणि थंड वाऱ्याने पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्यावरच्या शेकडो शेळ्यामेंढ्या गारठून दगावल्या. तेथे बर्फ पडला नव्हता. त्याहून कडक थंडीच्या कोरड्या रात्री हीच जनावरे दर हिवाळ्यात उघड्यावर काढतात. फरक होता तो भिजलेल्या अंगाचा. कोंबडीचे शरीर तर मेंढीपेक्षा कितीतरी लहान. लहान शरीर लवकर निवते.

कोंबडी म्हणजे बदक नव्हे

कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक लहानशी ग्रंथी असते. चोचीने ते तेल घेऊन ती पिसांना चोळते. आपण तिला 'पिसे साफ करताना' पाहतो, तेव्हा बहुधा हेच चाललेले असते. या तेलामुळे आणि पिसांच्या घट्ट विणीमुळे हलक्या सरीचे पाणी अंगावरून निथळून जाते. परंतु बदकाची पिसे पाण्यात पोहण्यासाठी घडलेली असतात, कोंबडीची नसतात. अर्धा-पाऊण तास मुसळधार पावसात उभी राहिली तर कोंबडी आतपर्यंत भिजते.

तरीही तिला पावसाचे वावडे आहे असे समजू नये. आपल्या घरगुती कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा आशियातील दमट, पावसाळी जंगलांचा रहिवासी आहे. तो झड लागताच दाट झुडपाखाली वा बांबूच्या बेटात आडोसा धरतो आणि सर ओसरली की पुन्हा पाने उकरू लागतो. पावसात भिजणेही नाही आणि दिवसेंदिवस कोंडून घेणेही नाही, असा त्याचा मधला मार्ग आहे. परसातील कोंबडीला आपण हाच मार्ग मोकळा ठेवायचा आहे. आडोसा जवळ असेल तर बहुतेक प्रौढ, निरोगी कोंबड्या आपले हित आपणच पाहतात.

कोंडून ठेवण्याचेही धोके आहेत

आमच्या परिचयातील एका घरी काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. जुलैच्या झडीत कोंबड्या आजारी पडतील या काळजीने घरच्यांनी नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा लहानशा खुराड्यात आठ दिवस कोंडून ठेवले. वारा लागू नये म्हणून सर्व बाजूंनी प्लास्टिक घट्ट बांधले. नवव्या दिवशी प्लास्टिक सोडले तेव्हा आतल्या उग्र वासाने सोडणाऱ्याच्याच डोळ्यांना पाणी आले. कोंबड्यांचे डोळे चिकटले होते, दोघींच्या पाठीची पिसे इतरांनी उपटली होती, आणि त्या आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या. पावसाचा एक थेंबही त्यांच्या अंगावर पडला नव्हता.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. कोंबडीच्या विष्ठेत पाणी पुष्कळ असते, आणि श्वासावाटेही ती सतत वाफ सोडत असते. बंद जागेत ही ओल साठते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाळतो आणि मग साधी सर्दीही बळावते. याची परीक्षा सोपी आहे. सकाळी दार उघडताच खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावे आणि श्वास घ्यावा. नाकाला झिणझिण्या आल्या तर ते खुराडे कोंबड्यांना राहण्याजोगे नाही असे समजावे. बंद दमट जागेत गादीवर बुरशीही धरते. तिचे बीजकण श्वासातून फुप्फुसांत गेल्यास कोंबड्या तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागतात.

शिवाय कोंबडीचा स्वभाव उकरण्याचा आहे. उकरायला काही मिळाले नाही की ती शेजारणीची पिसे उपटते, आणि एकदा रक्त दिसले की बाकीच्याही त्याच जागी टोचू लागतात. नाइलाजाने दिवसभर आत ठेवायचेच झाले तर प्रत्येक प्रौढ कोंबडीमागे किमान ४ चौरस फूट जागा असावी, आणि आत शेवग्याचा पाला, कोबीची पाने किंवा मूठभर दाणे विखरून त्यांना कामाला लावावे.

कधी सोडावे, कधी सोडू नये

वरील सर्व गोष्टींवरून आम्ही पुढील नियम सुचवितो :

१) रिमझिम पाऊस, वारा नाही : दार नेहमीप्रमाणे उघडावे. जवळ छप्पर असावे. कोंबड्या आपणहून येतील-जातील.

२) जोराची सर, पण वारा बेताचा : दार उघडे ठेवावे, मात्र कोणालाही हुसकून बाहेर काढू नये. दाणे छपराखाली टाकावेत. अंगणात दाणे टाकले तर खाण्याच्या लोभाने कोंबडी भिजत उभी राहते. हा दोष तिचा नव्हे, आपला.

३) सोसाट्याचा वारा आणि पाऊस एकत्र : आत ठेवावे. डिसेंबर-जानेवारीतील अवकाळी पावसात तर निश्चितच आत ठेवावे. कारण तेव्हा रात्र मोठी असते आणि संध्याकाळी भिजलेले अंग सकाळपर्यंत वाळत नाही.

४) वाडीत पाणी तुंबलेले असताना : सोडू नये. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर दिवसचे दिवस पाण्याखाली होता, हे आपण विसरलेलो नाही. तुंबलेल्या पाण्यात शौचकूप, गटारे आणि उंदरांची बिळे एकत्र मिसळलेली असतात.

५) पाऊस थांबल्यानंतर : डबकी ओसरेपर्यंत थोडे थांबावे. उघडीप मिळताच तासभर का होईना, त्यांना मोकळे सोडावे.

६) तिन्हीसांजेला : अंधार पडण्यापूर्वी तासभर आधी कोंबड्या आत घ्याव्यात, मोजाव्यात आणि प्रत्येकीच्या छातीखाली हात घालून पिसे कोरडी आहेत ना, ते पाहावे. दिवसाच्या भिजण्यापेक्षा ओल्या अंगाने काढलेली रात्र अधिक घातक असते.

कोणाला मुळीच सोडू नये

'आडोसा द्या आणि तिला ठरवू द्या' हा नियम प्रौढ आणि निरोगी कोंबडीपुरताच आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि बहुतेक नुकसान या अपवादांकडे दुर्लक्ष केल्यानेच होते.

पहिला अपवाद पिल्लांचा. पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, केवळ लव असते, आणि ती पाणी टिपून घेते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत नेता येते. पूर्ण पिसे फुटायला पाच-सहा आठवडे लागतात. आई त्यांना पंखांखाली घेते हे खरे, पण पिल्ले घेऊन ती ओल्या गवतातून हिंडली की पिल्लांची पोटे भिजतात आणि दहा-बारा पिल्ले घेऊन निघालेली कोंबडी संध्याकाळी चार-पाच घेऊन परतते. म्हणून पावसाळ्यात पिल्लांसह कोंबडी पडवीत, कोरड्या जागी डालग्याखाली ठेवावी.

त्याहून शहाणपणाचे म्हणजे भर पावसात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवूच नयेत. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. अंडी उबायला २१ दिवस लागतात. सप्टेंबरच्या मध्यावर अंडी ठेवली तर पिल्ले ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघतील आणि कोवळेपणाचे बहुतेक दिवस उघडिपीत काढतील.

दुसरा अपवाद पिसे झडत असलेल्या कोंबडीचा. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धरते. त्या काळात तिचे पांघरूण फाटलेले असते आणि अंडीही थांबलेली असतात. तिसरा अपवाद आजारी, अशक्त आणि म्हाताऱ्या कोंबड्यांचा. चौथा, उलट्या वळलेल्या पिसांच्या किंवा रेशमी लव असलेल्या जातींचा. त्यांची पिसे एकमेकांवर नीट बसत नसल्याने पाणी थेट कातडीपर्यंत जाते. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार सुधारित कोंबड्या पावसाला देशी कोंबडीइतक्याच सोडता येतात. परंतु त्या जड असल्याने चिखलात त्यांचे पाय लवकर दुखावतात आणि तळव्याला गळू होते, हे ध्यानात ठेवावे.

खुराडे कसे असावे

कोंबड्यांना बाहेर सोडण्याचा निर्णय सोपा वा अवघड होतो तो खुराड्यामुळे. परतून येण्यास कोरडी जागा असेल तर पाऊस ही चिंतेची बाब राहत नाही. आपल्या किनारपट्टीवर पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून खुराड्याचे तोंड पूर्वेकडे असावे आणि पश्चिमेची बाजू झाप, फळ्या वा विटांनी बंद करावी. जमीन अंगणापेक्षा दीड-दोन फूट उंच असावी. छपराची वळचण पुरेशी पुढे आलेली असावी.

हवा खेळण्यासाठी छपराखाली, कोंबड्यांच्या बसण्याच्या उंचीच्या वर जाळीचा पट्टा मोकळा ठेवावा. म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही. जाळीचे भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठे नसावे. पावसात बिळे बुडाली की उंदीर, धामण, नाग, मुंगूस हे सारेच कोरड्या जागेच्या शोधात असतात. रात्री बसण्यासाठी लाकडी दांडी द्यावी, तिच्या कडा गोलसर असाव्यात. दांडीवर बसलेली कोंबडी पोटाच्या पिसांनी पाय झाकून घेते आणि ओल्या जमिनीपासून दूर राहते.

खाली भाताच्या तुसाची वा सुतारकामातील भुश्श्याची तीन-चार इंच जाड गादी पसरावी. रोज सकाळी ती दाताळ्याने हलवावी, ओला भाग काढून खतात टाकावा आणि त्या जागी कोरडा तूस घालावा. तूस मे महिन्यातच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा, कारण जुलैत तो मागायला गेल्यास ओलाच मिळतो. मुंबईत पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, परंतु २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. तेव्हा ही तयारी मेच्या मध्यापर्यंत आटोपलेली बरी.

खुराड्याला लागून पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे उतरते छप्पर टाकून एक कोरडे आंगण करावे. त्याच्या कोपऱ्यात माती आणि चुलीची चाळलेली राख भरलेली पाटी ठेवावी. कोंबडी धुळीत लोळून उवा-पिसवा झाडते, आणि पावसाळ्यात तिला कोरडी धूळ अन्यत्र कोठेच मिळत नाही.

कोंबडी भिजलीच तर

आखडून, पंख खाली टाकून, डोळे मिटून उभी असलेली भिजलेली कोंबडी तशीच खुराड्यात ढकलू नये. पंचाने पिसांच्या दिशेने टिपून घ्यावे, उलट चोळू नये. मग पोते वा कागद घातलेल्या खोक्यात घालून घरात, वाऱ्यापासून दूर ठेवावे. खोक्याला हवेसाठी भोके असावीत. कोमट पाणी पिण्यास ठेवावे, पण बळेच चोचीत ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

ऊब देण्यासाठी पूर्वी ६० वॅटचा बल्ब लावीत. आज घरोघरी एलईडी दिवे आहेत, आणि त्यांच्यापासून जवळजवळ काहीच ऊब मिळत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एलईडीखाली रात्रभर ठेवलेली पिल्ले सकाळी गारठून मेलेली आढळतात ती त्यामुळेच. जुना तारेचा बल्ब मिळाल्यास तो खोक्यापासून अंतर राखून टांगावा, तूस वा कापड यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. वीज गेली असल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने कोंबडीच नव्हे, माणसेही दगावतात.

दाणा, पाणी आणि अंडी

थंड, पावसाळी दिवसांत कोंबडीला अधिक खाद्य लागते. संध्याकाळी आत घेताना मूठभर मका किंवा तांदळाची कणी द्यावी. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली असली की रात्रभर पचनाची ऊब मिळत राहते. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावे. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड 'माणसांना नको, कोंबड्यांना घाला' म्हणून घालू नये. त्या बुरशीचे विष यकृतावर घाला घालते. पिण्याचे स्वच्छ पाणी छपराखाली ठेवावे. नाहीतर कोंबड्या डबक्यातले पाणी पितात.

पावसाळ्यात अंडी कमी झाली म्हणून लगेच घाबरू नये. पूर्ण भरात अंडी घालण्यास कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. आभाळ भरून आलेले असले आणि त्यातच कोंबड्या अंधाऱ्या खुराड्यात असल्या की अंडी उतरतात. त्यांना बाहेर सोडण्याचा हाही एक लाभ आहे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओल्या, मळक्या कवचातून जंतू आत शिरतात. चिखलाने माखलेले अंडे विकू नये, तडकलेले खाऊ नये, आणि पावसाळ्यात अंडी पूर्ण शिजवूनच खावीत.

आजार आणि आपले आरोग्य

ओलीशी सर्वांत निकटचा संबंध असलेला आजार म्हणजे रक्ती हगवण. हा आजार करणारे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा अपक्व असतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होऊन इतरांना लागण करण्यास समर्थ होतात. कोरड्या गादीत त्यांचे फारसे चालत नाही. म्हणूनच ओला तूस रोज काढणे हा औषधाइतकाच मोलाचा उपाय आहे. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले विशेष बळी पडतात. रक्ताळलेली विष्ठा, लोंबते पंख आणि मंदपणा दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. पाण्यातून देण्याची प्रभावी औषधे आहेत, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. औषध चालू असताना अंडी खावीत की नाहीत, हेही त्यांनाच विचारावे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगाला पावसातील भिजणे कारण होत नाही, तर विषाणू कारण होतो. झाल्यावर त्यावर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचे थेंब आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस दिली जाते. लस पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोंबड्या सुदृढ असताना द्यावी.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या शिजवून खाऊ नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत, खाडीत वा ओढ्यात टाकू नयेत. तत्काळ पशुसंवर्धन खात्याला कळवावे. बर्ड फ्लू भारतात प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो शहापूर तालुक्यातील वेहळोली येथेही आढळला. हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर आणि पाणथळ जागांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. अशा वेळी दाणा-पाणी छपराखाली ठेवणे अधिकच आवश्यक ठरते.

माणसांच्या दृष्टीने पावसाळ्यातील मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि त्यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून रोग देते. खुराडे साफ करताना अनवाणी जाऊ नये, गमबूट घालावेत, नंतर साबणाने हात-पाय धुवावेत. ताप आल्यास चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लहान मुलांना हे काम देऊ नये.

वाचकहो, कोंबडीला बोलता येत नाही, पण निवड करता येते. कोरडे छप्पर आणि उघडे दार या दोन गोष्टी आपण दिल्या तर बहुतेक दिवशी योग्य निर्णय तीच घेते. पिल्ले, पिसे झडलेल्या आणि आजारी कोंबड्या यांच्या बाबतीत निर्णय आपण घ्यायचा असतो, आणि वारा-पाऊस एकत्र आला की सर्वांच्याच बाबतीत. उद्या सकाळी खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी आभाळाकडे पाहावे, मग वाकून आतला वास घ्यावा, आणि एकीच्या छातीखाली हात घालून पाहावा. दार उघडायचे की नाही, हे तेवढ्यावरून समजेल.